आधी परिणाम किती मोठा ते सांगा, सेन्सर मग निवडू

प्रश्न थोडक्यात असा: "इलेक्ट्रॉनिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण झालं. अक्षय ऊर्जा आणि सेन्सिंगवर काम करणाऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधन गटात पीएचडीला प्रवेश मिळाला आहे. गटात सौर, पवन, बॅटरी अशा सगळ्यावर काम चालतं आणि मार्गदर्शक म्हणतात, विषय तूच सुचव. नवा सेन्सर बनवावा, की तयार सेन्सर लावून त्यांच्या डेटावर मशीन लर्निंग करावं? सुरुवातीला शिकावं काय?"

या दोनपैकी एक निवडायची घाई करू नका. त्याआधी एक आकडा ठरायला हवा: तुम्हाला जे दाखवायचं आहे ते किती मोठं आहे? पॅनेल वर्षाला अर्ध्या टक्क्याने उतरतं हे दाखवायचंय? टर्बाइनचं तोंड वाऱ्यापासून ५ अंश भरकटलंय हे ओळखायचंय? बॅटरीत किती चार्ज उरला ते ३ टक्क्यांच्या आत सांगायचंय? हा आकडा कागदावर आला की कुठलं उपकरण पुरेल, मोजमाप किती काळ चालवावं लागेल, मशीन लर्निंगला त्यात काही काम आहे का, हे बरंचसं आपसूक ठरत जातं. मी बरेच प्रबंध तपासते. त्यातल्या कित्येकांत मॉडेल झकास असतं, आलेख देखणे असतात, पण ज्या फरकाचा दावा केलेला असतो तो त्या सेन्सरला दिसणंच शक्य नसतं.

सौरऊर्जेपासून सुरू करते, कारण तिथे हा प्रकार सगळ्यात स्वच्छ दिसतो.

पॅनेल म्हातारं होण्याचा वेग हा आवडता विषय. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या जॉर्डन आणि कर्ट्झ यांनी २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे २,००० नोंदींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात मध्यक निघाला वर्षाला सुमारे ०.५ टक्के. म्हणजे तीन वर्षांच्या पीएचडीत तुमच्या हातात येणारा बदल दीड टक्क्याच्या आसपास. आता उन्हाची तीव्रता मोजणाऱ्या पायरॅनोमीटरकडे बघा. आयएसओ ९०६० या मानकात २०१८ पासून त्याचे ए, बी, सी असे वर्ग आहेत. सगळ्यात वरच्या ए वर्गातल्या उपकरणालाही त्याची संवेदनशीलता वर्षाला ०.८ टक्क्यापर्यंत सरकायला मुभा आहे. बी वर्गाला १.५ टक्के, सी वर्गाला ३ टक्के. पॅनेल जितकं उतरतंय त्याहून जास्त सरकायची परवानगी मापकालाच आहे! चांगली उपकरणं प्रत्यक्षात यापेक्षा बरीच स्थिर असतात हे खरं, पण तुमचं उपकरण स्थिर होतं हे तुम्हाला दाखवावं लागेल, कंपनीच्या माहितीपत्रकावरून गृहीत धरून चालणार नाही.

त्यात धुळीचा घोळ. पायरॅनोमीटरच्या काचेवर धूळ बसली की तो ऊन कमी दाखवतो आणि त्या हिशेबाने पॅनेल अचानक कर्तबगार वाटायला लागतं. उलट पायरॅनोमीटर रोज पुसला आणि पॅनेलला महिनाभर हात लावला नाही, तर धुळीमुळे झालेली घट तुमच्या आलेखात 'डिग्रेडेशन' म्हणून जाऊन बसते. दोन्ही बाबतीत आकडे अगदी गुळगुळीत येतात, संशय यावा असं काहीच दिसत नाही. म्हणून कधी काय पुसलं याची वही ठेवा. ही वही कुठल्याही शोधनिबंधात छापली जात नाही, पण परीक्षक समोर बसल्यावर सर्वात जास्त उपयोगी पडते.

यावर उपाय आहेत. एकाच ठिकाणी दोन पायरॅनोमीटर लावा आणि तिसरा कपाटात अंधारात ठेवून ठरावीक काळाने फक्त तुलनेसाठी बाहेर काढा. शिवाय सेन्सरशी संबंधच नसलेला एखादा आधार घ्या. निरभ्र दिवशी ऊन किती पडायला हवं हे सूर्याच्या स्थानावरून आणि वातावरणाच्या मॉडेलवरून काढता येतं. आरडीटूल्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर सेन्सरवर आधारित आणि निरभ्र आकाशाच्या मॉडेलवर आधारित, असे दोन्ही मार्ग देतं आणि प्रत्येक दिवसाची तुलना बरोबर एक वर्षापूर्वीच्या त्याच सुमाराशी करतं, म्हणजे ऋतूंचा चढउतार वजा होतो. दोन्ही मार्गांनी वेगवेगळी उत्तरं आली तर आधी सेन्सरकडे जा.

थर्मोपाइलचा पायरॅनोमीटर चांगला की सिलिकॉनचा स्वस्त सेन्सर, हा वाद प्रत्येक गटात होतो. थर्मोपाइल काळा पृष्ठभाग किती तापतो यावर चालतो, त्यामुळे सूर्यप्रकाशाच्या जवळपास सगळ्या तरंगलांबींना तो सारखाच प्रतिसाद देतो. सिलिकॉनला साधारण १,१०० नॅनोमीटरच्या पुढचं दिसतच नाही. पण तुमचं पॅनेलही सिलिकॉनचंच असेल तर त्यालाही ते दिसत नाही! म्हणून पॅनेल नीट चाललंय का एवढंच बघायचं असेल, तर त्याच जातीची, त्याच कोनात बसवलेली संदर्भ सेल (ऊन मोजण्यासाठी वापरलेला छोटा सौर सेल) अनेकदा जास्त सोयीची पडते. एखाद्या जागी मुळात ऊर्जा किती येते हे मोजायचं असेल तर थर्मोपाइल घ्या. आणि रात्री थर्मोपाइल शून्याखाली दोन-चार वॅट प्रति चौरस मीटर दाखवतो तेव्हा घाबरून ते आकडे शून्य करू नका. त्याचा घुमट थंड आकाशाकडे उष्णता सोडत असतो म्हणून तसं होतं. तो उणे आकडा उपकरणाबद्दल फुकट मिळालेली माहिती आहे. मूळ फाइलमध्ये राहू द्या.

वेगाचाही मुद्दा आहे. ए वर्गाच्या थर्मोपाइलला स्थिर व्हायला १० सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, पॅनेलची वीज मात्र ढग सरकताक्षणी बदलते. दर सेकंदाचे आकडे घेऊन एकावर एक मांडले की सुंदर वलयं दिसतात आणि कुणीतरी त्यांना पॅनेलमधली नवी घटना ठरवून मोकळं होतं. ती दोन उपकरणांच्या वेगातली तफावत असते.

आता हिशेब कसा मांडायचा ते. मोजमापातली अनिश्चितता कशी मांडावी याचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पुस्तक १९९३ मध्ये आलं, मोजमापवाले त्याला 'गम' म्हणतात. ते अख्खं वाचा असं म्हणत नाही. पहिली काही प्रकरणं वाचा आणि लगेच आपल्या प्रयोगावर वापरा. उदाहरण घेऊ. पॅनेलची कार्यक्षमता काढताना विजेच्या मोजणीत ०.५ टक्के अनिश्चितता आहे, उन्हाच्या मोजणीत २ टक्के, आणि तापमानात १ अंश. स्फटिकी सिलिकॉनची शक्ती दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने बदलते, म्हणून तापमानाचे ०.४ टक्के धरा. हे घटक एकमेकांवर अवलंबून नसतील तर त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं: ०.२५ अधिक ४ अधिक ०.१६, म्हणजे ४.४१, वर्गमूळ २.१ टक्के.

आता गटाकडे पैसे आले आणि कुणी सुचवलं की वीज ०.१ टक्क्यापर्यंत मोजणारा भारी पॉवर अॅनालायझर घेऊ. हिशेब पुन्हा करा: २.१ वरून २.०४. इतका खर्च करून जवळपास काहीच हाती लागलं नाही. तेच पैसे पायरॅनोमीटर आणि त्याच्या कॅलिब्रेशनवर (प्रमाण उपकरणाशी ताडून बघण्यावर) घातले आणि २ चा १ टक्का केला, तर एकूण आकडा १.२ च्या खाली येतो. खरेदीच्या बैठकीत हा अर्ध्या पानाचा हिशेब घेऊन जा. नव्या विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकून घ्यायला लावणारा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही.

कॅलिब्रेशनचा कागद म्हणजे नक्की काय, हेही समजून घ्या. उन्हाच्या मोजमापाची साखळी स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या जागतिक विकिरण केंद्रापर्यंत जाते. तिथे उपकरणांचा एक गट जपून ठेवलेला आहे आणि साधारण दर ५ वर्षांनी जगभरातून लोक आपापली उपकरणं घेऊन तिथे तुलनेला जातात. तुमच्या पायरॅनोमीटरचा कागद त्या साखळीत कुठल्या कडीवर बसतो आणि प्रत्येक कडीला अनिश्चितता किती वाढली, हे त्या कागदावरच लिहिलेलं असतं. बहुतेक विद्यार्थी त्यावरचा एकच गुणक उतरवून घेतात आणि कागद फाइलला लावतात.

पवनऊर्जेत चूक लपत नाही, फुगते. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेगात २ टक्के चुकलात की शक्तीत ६ टक्के चुकता. टर्बाइनच्या डोक्यावरचा वेगमापक तर फिरत्या पात्यांच्या मागे बसलेला असतो, म्हणजे आधीच ढवळलेला वारा मोजतो. यंत्र चालवायला तो पुरतो, पण त्याच्या १० मिनिटांच्या सरासऱ्या घेऊन 'आमच्या नियंत्रणपद्धतीने उत्पादन १ टक्क्याने वाढलं' असं लिहिणं धाडसाचं आहे. शिवाय सरासरी वेगाचा घन आणि घनांची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; वारा जितका अस्थिर तितकी त्यांच्यातली दरी मोठी.

तरी १ टक्का शोधायचाच असेल तर? शोधता येतो, पण मापक सुधारून नव्हे, प्रयोगाची मांडणी बदलून. टर्बाइनचं तोंड ५ अंश चुकलं तर कोसाइनच्या घनाच्या ढोबळ नियमाने नुकसान सव्वा टक्क्याच्या आतच येतं. एवढं पकडायला नवी पद्धत आलटून पालटून चालू-बंद ठेवतात आणि दोन्ही अवस्थांत शेजारच्या, न बदललेल्या टर्बाइनशी गुणोत्तर बघतात. वेगमापकाची जी काही कायमची चूक आहे ती दोन्ही अवस्थांत सारखीच असल्यामुळे गुणोत्तरातून बरीचशी निघून जाते. उरतो तो विखुरलेपणा, आणि तो जास्त डेटा घेऊन कमी होतो. निरपेक्ष मोजमाप अवघड असेल तिथे सापेक्ष मोजा, ही युक्ती सौर आणि बॅटरीतही तितकीच चालते.

लेझरने दुरूनच वारा मोजणाऱ्या लायडारचं आकर्षण सगळ्यांनाच असतं आणि ते रास्तही आहे. सुमारे १.५५ मायक्रोमीटरचा लेझर हवेतल्या धूलिकणांवर आपटून परत येतो तेव्हा दर सेकंदाला १ मीटर वेगामागे त्याची वारंवारता साधारण १.३ मेगाहर्ट्झने सरकते. मूळ प्रकाशाच्या वारंवारतेच्या तुलनेत हा बदल अब्जात सातच्या आसपास, तरीही तो उत्तम मोजता येतो. म्हणून नवखा संशोधक सगळा वेळ सिग्नल प्रोसेसिंगवर घालवतो. खरी अडचण दुसरीकडे असते. एक किरण फक्त आपल्या दिशेतला वेग सांगतो. जमिनीवरचा लायडार तिरक्या किरणांचा शंकू फिरवतो आणि त्या सगळ्या वर्तुळावर वारा एकसारखा आहे असं धरून तीन दिशांचे वेग काढतो. शंकूचा कोन ३० अंश असेल तर १०० मीटर उंचीवर त्या वर्तुळाचा व्यास ११५ मीटर भरतो. सपाट माळावर हे गृहीतक चालून जातं. डोंगरउतारावर वर्तुळाच्या एका टोकाला वारा वर चढतोय, दुसऱ्या टोकाला खाली उतरतोय, आणि उपकरण मात्र शांतपणे एकच आकडा देतं. चुकीचा, आणि तीन दशांश स्थळांपर्यंत. तुमच्यासारख्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला इथे उत्तम विषय आहे: हे गृहीतक कधी मोडलं हे उपकरणाने स्वतःच ओळखून सांगायचं.

पात्यांच्या आतल्या ताणाबद्दल थोडं. फायबर ब्रॅग ग्रेटिंग म्हणजे काचेच्या धाग्यात कोरलेली बारीक रचना; ती ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवते आणि धागा ताणला की ती तरंगलांबी सरकते. तिचा मूळ शोध १९७८ मध्ये कॅनडातल्या केन हिल आणि सहकाऱ्यांचा. पात्यांमध्ये हे सेन्सर लोकप्रिय आहेत, कारण काचेच्या धाग्यावर वीज कोसळत नाही; लांबच लांब तांब्याची तार पात्यात घालणं म्हणजे विजेला आमंत्रण. पण १,५५० नॅनोमीटरच्या आसपास ग्रेटिंगची तरंगलांबी एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) सुमारे १.२ पिकोमीटर सरकते आणि एका अंश तापमानाला सुमारे १०. म्हणजे एक अंश फरक ८ मायक्रोस्ट्रेनसारखा दिसतो. दिवस-रात्रीत २० अंशांचा फरक पडला की १६० मायक्रोस्ट्रेनचा भास, आणि ज्या पदार्थाला धागा चिकटवला त्याच्या प्रसरणाची भर वेगळी. जवळच एक ग्रेटिंग सैल, ताण न येईल अशी ठेवून तापमान वजा करतात. ही सैल ग्रेटिंग खरंच सैल आहे आणि खरंच त्याच तापमानाला आहे, हे तपासल्याचं मला फार थोड्या कामांत दिसतं. तिथून सुरुवात करा, कदाचित पहिला निबंध तिथेच निघेल.

बॅटरीवर हात घालणार असाल तर एक गुणाकार कायम लक्षात असू द्या. उरलेला चार्ज काढायची साधी रीत म्हणजे करंट मोजून त्याची सतत बेरीज करत जाणं. सेन्सरमध्ये ०.१ अँपिअरचा ऑफसेट (करंट नसतानाही दिसणारा खोटा आकडा) असेल तर दिवसाला २.४ अँपिअर-तास चुकतात. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १० दिवसांत २४ टक्के! आणि चुंबकीय क्षेत्रावरून करंट मोजणाऱ्या हॉल सेन्सरचा ऑफसेट तापमानाबरोबर हलतो, म्हणून एकदा शून्य करून सुटका होत नाही. ही चूक पुसायची संधी बॅटरी पूर्ण भरल्यावर मिळते, किंवा ती बराच वेळ निवांत असताना व्होल्टेजवरून. पण लिथियम आयर्न फॉस्फेट या जातीच्या बॅटरीचा व्होल्टेजचा आलेख मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यातून फारसं काही वाचता येत नाही. आणि सौरऊर्जेवरची बॅटरी ढगाळ दिवसांत पूर्ण भरतच नाही. ज्या दिवसांत अंदाज सर्वात जास्त हवा असतो, नेमक्या त्याच दिवसांत तो सर्वात जास्त भरकटतो. प्रयोगशाळेत रोज शून्यापासून शंभरपर्यंत बॅटरी फिरवून मिळवलेला '१ टक्का चूक' हा निकाल या परिस्थितीबद्दल काही सांगत नाही. तुमची चाचणी अर्धवट भरण्या-रिकामं होण्याच्या दोन-तीन आठवड्यांच्या सलग चक्रावर घ्या. आकडा वाईट येईल, पण वापरणाऱ्याला तोच आकडा हवा असतो.

आता मशीन लर्निंग. मी त्याच्या विरोधात नाही, आमच्याकडेही ते रोज वापरलं जातं. तीन गोष्टी मात्र मी आधी बघते.

पहिली, डेटा शिकण्यासाठी आणि तपासण्यासाठी कसा वाटला. दर मिनिटाच्या नोंदी पत्ते पिसावेत तशा पिसून ८०-२० वाटल्या, तर १२ वाजून ५ मिनिटांची नोंद शिकायला आणि १२ वाजून ६ मिनिटांची तपासायला जाते. मॉडेलने काही शिकलं नाही तरी चालतं, शेजारची ओळ आठवली की पुरे. यंत्रांतल्या दोषांच्या कामातही हेच होतं: एकाच बेअरिंगच्या एकाच नोंदीचे तुकडे दोन्हीकडे जातात आणि अचूकता ९९ टक्क्यांवर पोचते. काळाने तोडा, यंत्राने तोडा, जागेने तोडा. आकडा कोसळेल, जो उरेल तो तुमचा खरा आकडा.

दुसरी, तुलना कशाशी केली. पुढच्या १५ मिनिटांच्या सौरऊर्जेचा अंदाज असेल तर 'आत्ता निरभ्र दिवसाच्या जितके टक्के ऊन आहे तितकेच टक्के १५ मिनिटांनी असेल' हा बिनखर्चाचा अंदाज आधी लावून बघा. इतक्या कमी कालावधीत तो हरवायला भलताच चिवट असतो. त्याचा उल्लेखही नसलेला निबंध आला की माझा परीक्षण-अहवाल फार लांबत नाही.

तिसरी, दोष किती दुर्मिळ आहे. समजा १०,००० पॅनेलांत १० सदोष आहेत आणि तुमचं मॉडेल सदोष ओळखण्यात ९९ टक्के, निर्दोष ओळखण्यातही ९९ टक्के बरोबर आहे. ते दहाही बहुतेक सापडतील, पण त्यासोबत सुमारे १०० चांगली पॅनेलं सदोष ठरतील. शिडी घेऊन जाणारा माणूस दहापैकी नऊ वेळा रिकाम्या हाताने परतेल आणि आठवड्याभरात तुमची प्रणाली बंद करून टाकेल. प्रयोगशाळेत अर्धी पॅनेलं मुद्दाम बिघडवून केलेल्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

मग नवा सेन्सर बनवावा का? तुमच्या गटात पदार्थविज्ञानाचं कुणी असेल, क्लीनरूम, म्हणजे धूळमुक्त खोली असेल, आणि तुम्हाला एकच गोष्ट वर्षभर चिवटपणे करायचा कंटाळा नसेल, तर जरूर. पण काम कुठे असतं ते आधी ओळखा. सेन्सर प्रतिसाद देतो हे दाखवायला एक दुपार पुरते. उरलेली वर्षं जातात तो दुसऱ्या कशाला प्रतिसाद देत नाही हे दाखवण्यात. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून पेट घेऊ शकतो, म्हणून गळती ओळखणारे सेन्सर त्याच्या बरेच आधी बोलायला हवेत. धातूच्या ऑक्साइडवर चालणारे सेन्सर तेवढे तीक्ष्ण असतातही, पण ते दमट हवेलाही बोलतात, कार्बन मोनॉक्साइडलाही बोलतात. तापमान, ओल, इतर वायू, काही महिन्यांत आकडा हळूहळू सरकणं (ड्रिफ्ट), आणि एकाच पद्धतीने बनवलेले पाच-सहा सेन्सर एकसारखे वागतात का, एवढं दाखवलंत तर तुमचं काम पुढे कुणीतरी वापरेल. सर्वोत्तम एकाच नमुन्याचा आलेख छापायचा मोह फार असतो.

पेरोव्स्काइट या नव्या जातीच्या पदार्थापासून बनणाऱ्या सौर सेलच्या क्षेत्राने हा धडा खूप उघडपणे गिरवला. २००९ मध्ये जपानी संशोधक मियासाकांच्या गटाने ३.८ टक्क्यांचा सेल दाखवला आणि आता प्रमाणित कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. मधल्या काळात लक्षात आलं की व्होल्टेज वरून खाली नेत मोजलं तर एक उत्तर येतं, खालून वर नेत मोजलं तर दुसरं. लहानशा सेलवर नीट मास्क न लावल्याने क्षेत्रफळाचाही घोळ झाला. मग दोन्ही दिशांनी मोजणं, कमाल शक्तीच्या बिंदूवर धरून ठेवून स्थिर आकडा देणं, आणि २०२० मध्ये टिकाऊपणाच्या चाचण्या कशा नोंदवाव्यात यावर मोठ्या गटाची सहमती, असं सगळं आलं. मोजण्याची रीत सुधारणाऱ्यांची नावं तिथे सेल बनवणाऱ्यांइतकीच आदराने घेतली जातात, हे विषय निवडताना ध्यानात ठेवा.

माझा कौल विचाराल तर तुमच्या पार्श्वभूमीला मधला रस्ता शोभेल: तयार सेन्सर घ्या, पण त्यांनी स्वतःची प्रकृती स्वतः ओळखावी यावर काम करा. पायरॅनोमीटरवर धूळ बसली, लायडारचं गृहीतक मोडलं, करंट सेन्सरचा ऑफसेट सरकला, सैल ग्रेटिंग चिकटली, हे सगळे एकाच जातीचे प्रश्न आहेत. त्यांत सर्किटही आहे, भौतिकशास्त्रही आहे आणि मशीन लर्निंगलाही खरीखुरी जागा आहे. विजेच्या जाळ्यातला याच्याच जवळचा एक प्रश्न वेळेचा. फेजर (विजेच्या लहरीचा आकार आणि तिची वेळेतली जागा) मोजणाऱ्या उपकरणांना मानकाने दिलेली एकूण चुकीची १ टक्का मर्यादा ५० हर्ट्झवर फक्त घड्याळाच्या चुकीनेच भरायची ठरवली तर ३२ मायक्रोसेकंदांत संपते. उपग्रहाचा सिग्नल गेल्यावर उपकरण किती वेळ विश्वासार्ह राहतं, हे त्याने स्वतः सांगायला हवं.

सुरुवातीला शिकायचं काय, तर पायथन आणि त्यातली सौरऊर्जेच्या हिशेबांची पीव्हीलिब ही लायब्ररी. संख्याशास्त्राचा एक चांगला कोर्स. डेटा गोळा करायला सुरुवात करण्याआधी गटातल्या जुन्या डेटावर महिनाभर घालवा: सरळ ऊन, विखुरलेलं ऊन आणि आडव्या पृष्ठभागावरचं एकूण ऊन हे तिन्ही वेगवेगळे मोजले असतील तर त्यांचं गणित जुळतं का तपासा. सरळ ऊन गुणिले सूर्याच्या शिरोबिंदूपासूनच्या कोनाचा कोसाइन, त्यात विखुरलेलं ऊन मिळवलं की एकूण यायला हवं. सकाळी जुळतं आणि संध्याकाळी जुळत नाही असं दिसलं, तर बहुधा एखादं उपकरण तिरपं बसलंय किंवा घड्याळ पुढे-मागे आहे.

घड्याळावरून आठवलं. सगळ्या नोंदी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवा, आणि '१०:१०' ही १० मिनिटांच्या सरासरीची सुरुवात आहे की शेवट, हे फाइलच्या पहिल्या ओळीत लिहा. लॉगर (सेन्सरच्या नोंदी साठवणारं उपकरण) बनवणाऱ्या दोन कंपन्या हे दोन वेगळ्या पद्धतींनी करू शकतात, आणि तुमच्या गटात दोन्ही लॉगर असण्याची शक्यता दांडगी आहे.